पोलिक्सेनीबाईंची फुली

पोलिक्सेनीबाईंचा भाषांचा क्लास सारांदिसच्या तेलघाण्याच्या माडीवर भरतो. त्याचे भाडे द्यावे लागत नाही, कारण बाईंच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला सारांदिस धर्मपिता म्हणून उभा राहिला होता. आमच्या मेसिनियाच्या डोंगरात हे नाते रक्ताच्या नात्याइतकेच पक्के मानतात. शिवाय ते निवडणुकीत वापरता येते. बाई जर्मन शिकवतात, मी इंग्रजी. माडी गेली तर आम्हा दोघांनाही गाव सोडावे लागले असते.

यंदा सारांदिस संसदेसाठी उभा राहिला. चार शेळ्यांचा कारभारही त्याच्याकडे सोपवू नये, असे बाईंचे जुने मत. तरीही तो दारात आला तेव्हा त्याच्या नावापुढे फुली मारण्याचे, म्हणजे त्याला मत देण्याचे, वचन त्यांनी दिले. तसे ते साऱ्या गावानेच दिले होते. मागणाऱ्याला तोंडावर नाही म्हणणे इथे असभ्यपणाचे समजतात आणि मतदानाच्या पडद्यामागे शब्द पाळणे थोडे भाबडेपणाचे.

रविवारी शाळेत मतपेटी उघडली. सारांदिसच्या नावापुढे संबंध गावातून एकच फुली निघाली. मतदार यादीत तो स्वतः होता, त्याची बायको लेमोनियाही होती.

संध्याकाळी कॉफीच्या दुकानात गाव जमले होते. सारांदिस बायकोला घेऊन आत आला आणि थेट बाईंच्या टेबलापाशी उभा राहिला.

“बाई, माडी उद्या रिकामी करा. दिलेल्या शब्दाची किंमत कळली मला. एक फुली. अख्ख्या गावात एक.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. “ती माझी.”

ती फुली सारांदिसची स्वतःची होती. त्याच्याइतके हे कोणालाच ठाऊक नव्हते. पण बाईंना खोटे पाडायचे तर ते भर दुकानात कबूल करावे लागणार, आणि त्याच क्षणी साऱ्या माना लेमोनियाकडे वळणार. लेमोनिया बाईंच्या कपातला गाळ फार मन लावून पाहत होती.

दुकानदार पानोर्मितिसला राहवेना. “म्हणजे तू स्वतःलाच नाही दिलंस होय रे?”

“माणसानं स्वतःलाच मत द्यायचं?” सारांदिस सावकाश म्हणाला. “आमच्या घरात असलं चालत नाही. हिलाही मी बजावून ठेवलं होतं.”

“दोनदा बजावलं,” लेमोनिया म्हणाली.

ज्यांनी त्याला फसवले होते, तेच उठून त्याचा हात हातात घेऊ लागले. इतका निःस्वार्थी उमेदवार जिल्ह्याने पाहिला नव्हता, असे पानोर्मितिसने जाहीर केले आणि कॉफीचे पैसे मात्र घेतले. प्रजासत्ताक टिकते ते सत्यावर की अशा सामुदायिक सौजन्यावर, हा प्रश्न विद्यापीठात मला कोणी विचारला नव्हता.

परतताना मी बाईंना त्यांनी खरे मत कोणाला दिले ते विचारले. मतदान गुप्त असते, एवढेच त्या म्हणाल्या.

माडीवर क्लास पूर्वीसारखाच भरतो. लेमोनिया आता जर्मन शिकायला येते आणि पुढच्या बाकावर बसते. त्या फुलीचा विषय दोघींनी कधी काढलेला नाही. सारांदिस मात्र भेटेल त्याला सांगतो, की गावात एकट्या बाईच शब्दाला जागल्या. परवा हे सांगताना त्याचे डोळे भरून आले.