सलईची राखण

परदेशातल्या म्हाताऱ्यांचे गुडघे दुखतात म्हणून सातपुड्यातली सलईची झाडं वाळायला लागली. आता याला काय म्हणावं! पण खरं तेच आहे. सलईच्या डिंकाच्या गोळ्या तिकडे धडाधड खपतात. म्हणून भुसावळच्या एका व्यापाऱ्याचा माणूस, योगेंद्र, मोटारसायकलवर पाड्यावर येऊ लागला. येताना केळी पिकवायचं औषध आणि सुया घेऊन यायचा. खोडाला भोक पाडून औषध टोचलं की डिंक भसाभसा गळतो, आणि दोन-तीन वर्षांत झाड उभ्याउभ्या मरतं.

चमेलीबाईचा यावर भारी राग. साठी उलटलेली ही पावरा आदिवासी बाई, तिचे स्वतःचेही गुडघे कुरकुरतात, पण गोळी काही तिच्या वाट्याला आली नाही. पाड्याला वनहक्क मिळाला तेव्हा राखणीचा नियम तिनेच हट्टाने करून घेतला होता. रोज एका घराने रानात फिरायचं. संध्याकाळी काठी पुढच्या घराच्या दाराशी उभी करायची आणि म्हणायचं, "रान ठीक शे." सुई मारताना जो सापडेल, त्याच्या घराला वर्षभर मोह, तेंदूपत्ता, डिंक सगळं बंद.

तिच्याच पाळीला तिला ते भोक दिसलं. शेजारी झुडपात तिचा मुलगा रोहिदास उभा, हातात सुई.

"एक झाडनी काय व्हस, माय? बठ्ठं रान पडेल शे," अख्ख्या रानाकडे हात फिरवत तो म्हणाला.

वर्षभर रान बंद झालं तर रोहिदास मजुरीला सुरतेला जाणार, बायको-पोरं घेऊन जाणार. मागच्या खेपेला गेला होता तेव्हा घरात भाकरी थापायलाही तिचं मन लागत नव्हतं. तिने ओली माती कालवली, भोक बुजवलं, वर सालीचा तुकडा दाबला. संध्याकाळी शेजारच्या गेंदाच्या दाराशी काठी ठेवून म्हणाली, "रान ठीक शे."

दुसऱ्या दिवशी गेंदाची पाळी. चमेलीबाई दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालत होती. गेंदाची नजर घारीची, तिला ती माती दिसणारच. पण संध्याकाळ झाली, काठी पुढे गेली, आणि गेंदाही म्हणाली, "रान ठीक शे."

चमेलीबाईला हायसं वाटलं. मग अंथरुणावर पडल्या पडल्या वेगळीच भीती वाटू लागली: गेंदाला दिसलं कसं नाही?

पहाटेच ती रानात गेली. खोडाखोडावरून हात फिरवत चालली. एका सलईवर साल निघाली, खाली माती. पुढच्या सलईवर तेच. नाल्यापलीकडे तेच. काही भोकं तर तिच्यापेक्षा सफाईने बुजवलेली.

"मन्हा जवाईनं पाप शे ते," मागून आलेली गेंदा म्हणाली. "तू पोऱ्याकरता गप बसनी, मी जवाईकरता. बाकीना कोनाकरता, ते त्यास्लेच म्हाईत."

चमेलीबाईला रडू आलं. तशीच ती पाड्यावर गेली, पाड्याचे वडीलधारे पितांबर आबा यांना सांगून सगळ्यांना गोळा केलं आणि उभी राहिली.

"सलईले भोक मन्हा रोहिदासनी पाडं. बुजनारी मी. मन्हं घर बंद करा."

रोहिदासने मान खाली घातली. मग गेंदा उठली, "मन्हं बी घर बंद करा." मग आणखी एक. शेवटी पितांबर आबांनीही आपल्याच घराचं नाव घेत डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. शिक्षा द्यायची तरी कोणी, आणि कोणाला?

एवढ्यात खालच्या वळणावर मोटारसायकलचा आवाज आला. योगेंद्र डिंक न्यायला येत होता. सगळे एकमेकांकडे बघत बसले.

चमेलीबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि वाटेच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मागे कोण आलं ते बघायला ती वळली नाही. कोणीच नसेल तर, या धास्तीने तिची मानच वळेना.