मशीनच्या शेडमधली ओल

२०२२ साल होतं, मी एकोणसत्तर वर्षांचा होतो आणि माझं मशीन उभं राहायला दोन वर्षं लागली होती. शाळा माझी चौथीपर्यंत. पण निरगुडसरात चाळीस वर्षं मी पाण्याच्या जळक्या मोटारी नवी तांब्याची तार गुंडाळून भरल्या आणि एकही परत आली नाही. हे मीच सांगतो, दुसऱ्याला विचारायची गरज नाही.

जुन्नरच्या कॉलेजातले एक सर मोटार भरायला घेऊन आले होते. त्यांनी बोलता बोलता सांगितलं, काचेच्या नळीतली हवा काढली आणि एका टोकाला लाखभर व्होल्ट दिले, की विजेचे कण नळीतनं सुसाट पळतात आणि पलीकडच्या काचेवर आपटून उजेड पाडतात. मी म्हणालो, "करतो." सर हसले. "बाबा, ही विहिरीवरची मोटार नाही." त्या हसण्यावर मी दोन वर्षं काढली.

मशीन असं, की मोटारीवर रबराचा पट्टा फिरवायचा, त्यानं वर चढवलेली वीज पोकळ गोळ्यात साठवायची. गोळा जुन्नरच्या बाजारातल्या तांबट चाचांनी दोन पातेली तोंडाला तोंड लावून करून दिला. पहिला पट्टा मी ट्रॅक्टरच्या ट्यूबचा कापला. काळ्या रबरात काजळी असते, तिच्यातनं सगळी वीज गळून जायची. हे कळायला सहा महिने गेले. हवा आत शिरू नये म्हणून नळीच्या तोंडाला तापलेली लाख लावताना नळी बायकोनं धरली होती. हात भाजला तरी सोडली नाही.

ह्या विजेला ओल खपत नाही. हवा दमट असली की ती गोळ्यावर टिकतच नाही. म्हणून शेडच्या फटी बुजवल्या, शेगडी पेटती ठेवली. हे मला पक्कं माहीत होतं. बायकोला कधी सांगितलं नाही. तिला काय सांगायचं, असं वाटायचं.

माघात सर आणि कॉलेजातली दहा-बारा माणसं बघायला यायची ठरली. सकाळी मी त्यांना आणायला स्टँडवर गेलो. परत येऊन शेड उघडली, तर सगळी जमीन शेणानं सारवलेली, ओलीगच्च. उंबऱ्यावर रांगोळी. बायकोचे गुडघे वर्षभर वाकत नव्हते, तरी तिनं हे केलं होतं.

दारं लावली, मोटार चालू केली. पट्टा फिरला, नळीतली हवा काढायचे पंप धडधडले. काचेवर काही नाही. एकजण म्हणाला, "राव, बाबांचं मशीन झोपलं वाटतं!" सगळे हसले. सर हळूच म्हणाले, "हवा दमट आहे."

बायको दार ढकलून चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात आली होती. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "हिनं घात केला! शेणात हात घालायची अक्कल, तेवढीच हाय. ह्या शेडात पुन्यांदा पाय ठेवायचा न्हाई!"

तिनं ट्रे उंबऱ्यावर ठेवला. "आवं, पावणं यायचं व्हतं," एवढंच म्हणाली आणि गेली.

पाचव्या दिवशी जमीन खडखडीत वाळली. भर दुपारी दाराला पोती लावून अंधार केला, नळीतनं निघणारे किरण अंगावर नकोत म्हणून विटांच्या आडभिंतीमागं बसलो आणि आरशातनं काचेकडं बघत राहिलो. काचेवर ज्वारीच्या दाण्याएवढा उजेड पडला. हलला नाही. मी धावत स्वयंपाकघरात गेलो.

"चल, चल लवकर. पडला उजेड!"

ती मेथी निवडत होती. मान वर केली नाही. "मी न्हाई येत. माझ्या पायाला ओल आसती."

"अगं, मी बोलावतोय ना!"

"तुमीच न्हाई म्हनला व्हता. तुमीच बघा."

चुकलो म्हणायचं होतं. ओठापर्यंत आलं होतं. एकोणसत्तर वर्षांत तो शब्द कुणापुढं काढला नव्हता, तसा तेव्हाही निघाला नाही. मी शेडमध्ये परत आलो. उजेड तसाच होता. थोडा वेळ एकट्यानं बघितला आणि मोटार बंद केली. सरांना फोनही केला नाही.

ती आजवर त्या शेडमध्ये आलेली नाही, हे इथंच सांगून टाकतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, ती उठायच्या आधी, मी गोठ्यातनं शेण आणलं, पाण्यात कालवलं आणि जन्मात पहिल्यांदा गुडघे टेकून सगळी शेड सारवली, अगदी मशीनच्या पायापर्यंत.