ठेवणीतला गालिचा

सिंगापूरच्या पुंगोल भागातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये लोखंडी दाराची, बिनखिडकीची एक खोली आहे. युद्ध झालंच तर लपायला म्हणून बांधलेली. सगळेच तिचं अडगळीचं कोठार करतात, आम्हीही केलं. त्यात सुटकेसा, आकाशकंदील, जुना पंखा, आणि त्यांच्या मागे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला माझा गालिचा.

तो मला एका इराणी बाईंनी दिला. या देशात आलो तेव्हा पहिली दोन वर्षं आम्ही ईस्ट कोस्टच्या एका कॉन्डोत राहायचो, तिथल्या शेजारी. त्या आपल्या मुलाकडे कॅनडाला कायमच्या निघाल्या होत्या आणि मला सातवा महिना होता. त्यांच्या पणजीने विणलेला तो गालिचा त्यांनी माझ्यासमोर उलटा केला, आणि मी बघतच राहिले. मागच्या बाजूलाही तीच नक्षी, तेवढीच रेखीव. हाताने विणलेल्याची खूण हीच, त्या म्हणाल्या.

पणजी भटक्या टोळीतली. उन्हाळ्यात डोंगरावर, थंडीत खाली. त्या बायका माग जमिनीवर आडवा मांडायच्या आणि निघायची वेळ झाली की अर्धवट विणकाम मागासकट गुंडाळून खेचरावर लादायच्या. समोर चित्र नाही की कागद नाही, सगळी नक्षी डोक्यात. या गालिच्याच्या मधल्या लाल रंगात एक आडवी रेघ होती, तिच्यावरचा लाल जरा काळपट. मला वाटलं, डाग असेल.

"अगं, इथे मुक्काम बदलला," बाईंनी रेघेवर बोट ठेवलं. "रंगवलेली लोकर संपली. नव्या जागी पाणी वेगळं, रंगाची मुळं वेगळी, म्हणून लालही वेगळा." कोपऱ्यात एकच बकरी होती, बाकी कशाशीही मेळ नसलेली. विणणारीला वाटलं, तिने घातली. नव्या मुक्कामाला पोचलं की त्या आधी गालिचा पसरायच्या, मग चूल पेटायची.

"माझी अट एकच," बाई म्हणाल्या. "तुझं मूल यावर रांगलं पाहिजे." मी हो म्हटलं.

नवऱ्याने गालिच्यावरून हात फिरवला आणि निकाल दिला, "हा पुण्याच्या घरात टाकायचा." पुण्याचं घर तेव्हा नुसतं बुक केलेलं होतं. "इथे भाड्याच्या घरात कशाला घाण करायचा? दोन वर्षांत जायचंच आहे." झालं! डांबराच्या गोळ्या टाकून गालिचा प्लॅस्टिकमध्ये गेला. लोकरीला वारा लागतो, पायांची वर्दळ लागते, असं बाईंनी बजावलं होतं. तेही मी सांगितलं. "त्यांना काय जातंय सांगायला," तो म्हणाला.

मुलगी रांगायला लागली ती एबीसीडीच्या फोमच्या चटयांवर. मी फारच हट्ट धरला तेव्हा एका रविवारी, फोटोपुरता, गालिचा बाहेर आला. नवऱ्याने त्यावर आधी प्लॅस्टिक घातलं, मग चादर, आणि मग पोरीला ठेवलं. शू केली तर! फोटोत गालिच्याची चार बोटं किनार तेवढी दिसते. फोटो पाहून बाईंनी कॅनडाहून विचारलं, "चादर कशाला?" काय सांगणार, कपाळ माझं!

पुढे घरं बदलली, पण दर घरात तेच. पडदे पुण्याला गेल्यावर, झोपाळा पुण्याला गेल्यावर, चांगले कपसुद्धा पुण्याला गेल्यावर. घरमालकांच्या मळक्या सोफ्यांवर बसून माझी ऐन उमेदीची वर्षं गेली आणि पुण्याच्या त्या घरात भाडेकरू मजेत राहिले. मी भांडले नाही असं नाही. खूप भांडले. तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "अगं, अजून थोडेच दिवस."

आणि गेल्या महिन्यात, वरणभात कालवता कालवता, हा मला सांगतो, "पुण्याचा फ्लॅट विकूया. हिचं शिक्षण इथेच होणार. आता इथे कायम राहायची पीआर आहेच आपली, बेडोकला एक जुना फ्लॅट बघितलाय, तो घेऊन टाकू." माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की ताट भिरकावून द्यावंसं वाटलं. वर हसून म्हणतो, "आता काढ तुझा गालिचा."

काढला. प्लॅस्टिक फाडलं तर भुसा सांडला. कसर लागली होती. लाल लोकर जागोजागी साफ झालेली, खाली नुसते उभे-आडवे धागे, काही ठिकाणी आरपार भोकं. बकरीचे मागचे पाय तेवढे उरले होते. मी तिथेच फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले. मुलगी, आता माझ्याहून उंच, दारातूनच इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आई, सो ओल्ड ऑलरेडी, थ्रो लाह." तिचं तरी काय चुकलं? तिने तो धड पाहिलाच नव्हता. नवरा म्हणाला, "नवा घेऊ. मशीनवरचे हल्ली धुताही येतात."

मी सोफा सरकवला, गालिचा होता तसा हॉलमध्ये पसरला आणि फोटो काढून बाईंना पाठवला. खोटं बोलायचं नव्हतं, पण खरं लिहायला शब्द सुचेनात, म्हणून नुसता फोटो. बाई आता खूप थकल्यात, डोळे अधू झालेत. तरी उत्तर लगेच आलं.

"किती झिजवलात गं! शाब्बास. पोरं नुसती नाचली असतील यावर. माझ्या पणजीला बरं वाटलं असतं."

नवऱ्याने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. "बघ, खूश झाली की म्हातारी," तो म्हणाला, आणि गालिचा परत गुंडाळायला वाकला.

"खबरदार हात लावलास तर!" मी ओरडले.

तो दचकून मागे सरला आणि तिथेच उभा राहिला, गालिच्यावर पाय पडणार नाही असा, कडेच्या फरशीवर.