शंख, शिंपले आणि आत्याबाईंची माळ

आमच्या घरात दोन गोष्टी कायम साठत असतात. शिंपले आणि किस्से. शिंपले मी धुऊन पुसून बिस्किटांच्या डब्यांत भरते. किस्से मात्र कुठल्याच डब्यात मावत नाहीत. कुणी चहाला आलं की एक निघतो, त्याला धरून दुसरा, आणि तिकडे दूध उतू जातं!

मी धाराशिवला चित्रकलेचे क्लास घेते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं सांभाळून वेळ उरला की स्वतःची चित्रं काढते. शंख, शिंपले, गोगलगाईंची घरं, बाभळीच्या शेंगा, सुगरणीचा खोपा, असलंच सगळं. चित्रं बघणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "मॅडम, इन्स्पिरेशन कुठून मिळतं हो? आपल्याकडं तर समुद्र नाही!"

आता काय सांगायचं? माझं इन्स्पिरेशन पिशवी घेऊन दारात उभं राहतं आणि आधी पाणी मागतं.

* * *

सुरुवात झाली बेंबळीला, सासरी. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. आत्याबाई आराधी आहेत. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आणि दर मंगळवारी-शुक्रवारी तुळजाभवानीच्या नावानं पाच घरी जोगवा.

लग्नाला आठवडाही झाला नव्हता. आत्याबाई अंघोळीला गेल्या होत्या आणि माळ देव्हाऱ्यात होती. इतक्या वापरलेल्या कवड्या मी कधी पाहिल्याच नव्हत्या. घासून घासून लोण्यासारख्या मऊ दिसणाऱ्या, कुठं पिवळसर, कुठं निळसर, एकीसारखी दुसरी नाही. उजेड बरा मिळेल म्हणून मी ती माळ उचलून खिडकीत पसरली आणि पेन्सिल घेऊन बसले.

आत्याबाई ओल्या केसांनीच बाहेर आल्या. "काय करायलीस? माळ म्हंजी काय मिरच्या हायत व्हय, उनात वाळत घालायला?"

त्या दिवशी मला घरचा कायदा कळला. माळ एक तर गळ्यात, नाही तर देव्हाऱ्यात. तिसरी जागा नाही. आणि हात लावायचा तो माळ घेतलेल्यानंच.

"तुला एवढी आवडली तर रीतसर घे की," त्या जरा निवळून म्हणाल्या. "माझ्या मागं कुणाला तरी घ्यायचीच हाय."

माळ घेणं म्हणजे काही हौसेनं गळ्यात दागिना घालणं नव्हे. जोगवा आला, उपास आले, नवरात्र आलं. ते माझ्याच्यानं होणार नव्हतं, आणि नवी सून म्हणून तसं तोंडावर सांगवतही नव्हतं. मी म्हटलं, "बघू." त्या म्हणाल्या, "बघ."

हे 'बघू' आणि 'बघ' पुढं कित्येक वर्षं चाललं. कवड्या मात्र डोळ्यांपुढून हलल्या नाहीत. त्या काढता येईनात म्हणून मी कवड्यांचं सगळं गणगोत काढायला घेतलं!

* * *

गणगोत आणायचं कुणी? तर कोकणात जाणाऱ्या प्रत्येकानं. आमच्या गल्लीत कुणी गणपतीपुळ्याला निघालं की मी रिकामी पिशवी घेऊन हजर. लोकही इतके भले की बायकोला काही आणलं नाही तरी मला शिंपले आणायचे.

एकदा शेजारच्या शिंदेकाकू आल्या. लांबूनच हसत होत्या. "तुला सुट्टे शिंपले काय द्यायचे? मी तयार बदकंच आणली!" शिंपले चिकटवून केलेली बदकांची जोडी होती. डोळ्यांना मणी, पायांना लाल रंग. मी मनापासून आभार मानले. खरंच मानले, कारण त्या बदकांच्या पंखांना लावलेले शिंपले फार सुंदर होते.

महिन्याभरानं काकू एका पाहुणीला घेऊन आल्या. "हिला दाखव गं आपली बदकं."

मी डबा आणून उघडला. त्यात शिंपले एका बाजूला, मणी एका बाजूला.

काकूंनी त्यातला एक मणी उचलून बघितला. मग पाहुणीला म्हणाल्या, "हिच्या घरी येताना पर्स सांभाळ बाई. तिलाही शिंपले लावलेत!"

* * *

बेंबळीच्या शेताचं आमचे धाकटे दीर बघतात, दत्ताभाऊजी. एका पावसाळ्यात सोयाबीन नुकतंच उगवलं होतं आणि गोगलगाईंची धाड आली. सगळं गाव सकाळी बादल्या घेऊन गोगलगाई वेचत होतं. मी भाऊजींना फोनवर एवढंच म्हटलं, "त्यांची रिकामी घरं मिळाली तर ठेवा माझ्यासाठी."

भाऊजींनी निरोप गावाला सांगितला. गावानं पोतं भरलं. भाऊजींनी ते गाडीवर घालून संध्याकाळी आमच्या क्लासच्या खोलीत आणून टाकलं, वर चहा पिऊन गेले.

सकाळी दार उघडते तर घरं रिकामी नव्हती! मालकीणबाई सगळ्या आतच होत्या, आणि पोत्यातून बाहेर पडून भिंतीवर, बोर्डावर, पंख्याच्या दांडीपर्यंत पोचल्या होत्या. गोगलगाय कागद खाते हे मला त्या दिवशी कळलं. मुलांची चित्रं तिनं चवीनं खाल्ली होती.

एक मुलगी रडकुंडीला आली. "मॅडम, माझ्या निसर्गचित्रातलं झाडच खाल्लं हो!"

"अगं, मग रडतेस काय?" मी म्हटलं. "झाड जमलंय तुला!"

भाऊजींना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "वैनी, आमचं अख्खं सोयाबीन खाल्लं. तुमचा कागद खाल्ला तर एवढं काय लावलंय?"

मी केरसुणी घेतली. पण त्याच आठवड्यात काढलेलं गोगलगाईंचं चित्र आजही माझं सगळ्यात आवडतं आहे. ज्या माणसाचं पीक गेलं, त्यानं त्या गडबडीतही माझी आठवण ठेवली होती. हे मी विसरत नाही.

* * *

मध्यंतरी मला उगीच खंत वाटायला लागली होती. मुंबईच्या एका मोठ्या चित्रकारानं माझी चित्रं बघून विचारलं होतं, "समुद्रकाठी राहत नाही तर शंख कशासाठी काढता? तुमच्या मातीतलं काढा की." ते मनाला लागलं. पंधरा दिवस मी ब्रश धरला नाही.

आमचे हे अशा वेळी काही समजावत नाहीत, गाडी काढतात. त्यांनी मला तेरला नेलं, संग्रहालयात. तिथं काचेमागं जुन्या गावाच्या मातीत सापडलेले शंखाच्या बांगड्यांचे तुकडे ठेवलेत. शंखाच्या! कोण जाणे किती शतकांपूर्वी तेरणेच्या काठी बायकांच्या हातात समुद्र होता. मला भरूनच आलं.

"बघितलंत?" मी ह्यांना म्हटलं. "त्या काळीसुद्धा माणसं इतक्या लांबून शंख आणत होती!"

"दिसतंय की," हे म्हणाले. "त्या काळीसुद्धा कुणाची तरी बायको असणारच!"

घरी येऊन मी आधी ब्रश धुतले.

* * *

मागच्या वर्षी दोन गोष्टी एकदम ठरल्या. धाराशिवात माझं पहिलं प्रदर्शन, आणि आत्याबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. ऑपरेशननंतर धूळ नको, धूर नको म्हणून त्या आमच्याकडं राहिल्या. काळा गॉगल लावून क्लासच्या खोलीत बसायच्या. मुलं त्यांना घाबरून रेघा सरळ मारायची!

मंगळवार आला. जोगवा चुकला. आत्याबाई दिवसभर दाराकडं तोंड करून बसल्या. संध्याकाळी मुलं गेल्यावर माळेवरून हात फिरवत म्हणाल्या, "माझ्यासंगं जोगवा मागती त्या कोंडाबाईची माळ तिच्या सुनंनं घेतली. माझ्या मागं हिचं काय हुणार गं? कुणीच न्हाय म्हटल्यावर तुळजापूरला आईच्या पायाशी निऊन ठिवावी लागंल."

आता 'बघू' म्हणायची वेळ नव्हती. माझ्याच्यानं खोटं बोलवेना. मी म्हटलं, "आत्याबाई, मला नाही जमणार."

त्यांनी माळ पदराखाली झाकली. मला वाटलं, संपलं. मग म्हणाल्या, "ठाव हाय मला. बरं, चित्र काढ तिचं. घ्यायला न्हाय कुणी, निदान बघायला तरी ऱ्हाईल."

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते असं हातात आलं, आणि मला आनंद करता येईना.

त्यातही कायदा होताच. माळ गळ्यातून निघणार नाही. "आन मला काढू नगं. नुसती माळ काढ."

"मग तुमच्या गळ्याचं काय करू?"

"त्ये तुझं तू बघ. तुला शिकवलंय न्हवं?"

त्या बसल्या. बसल्या बसल्या डुलकी लागायची, श्वासाबरोबर कवड्या वर-खाली व्हायच्या, आणि मी त्या तशाच काढत गेले. मागं रिकामा कॅनव्हास, मध्ये फक्त माळ. पण कुणीतरी ती घातलेली आहे हे लगेच कळतं.

* * *

चित्र पुरं झालं, वाळलं. मी फ्रेमवाल्याला फोन करणार तोच आत्याबाई म्हणाल्या, "आदी तुळजापूर."

"चित्राला?"

"माळ हाय ती. नवी माळ आईच्या पायाला लावल्याबिगर कुणी मिरवतंय का?"

निघालो एसटीनं. तीन फुटी कॅनव्हास, त्यावर आत्याबाईंचं जुनं लुगडं गुंडाळलेलं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, आरसा हाय का? फुटंल, मागं ठिवा." आत्याबाई म्हणाल्या, "माळ हाय." त्यानं लुगड्याचं टोक उचलून बघितलं, हात जोडले आणि स्वतःची सीट दिली. आत्याबाईंना नाही, चित्राला! आम्ही दोघी शेवटपर्यंत उभ्या.

दर्शनाच्या रांगेत पहाऱ्यावरचा माणूस आडवा आला. "एवढं मोठं सामान आत नाही न्यायचं. बाहेर ठेवा."

"बाहेर ठिवू?" आत्याबाई गॉगल सावरत म्हणाल्या. "तू आईला बाहेर बसवून जेवाया बसतोस का रं घरी?"

तो बिचारा बाजूला झाला. आत पुजाऱ्यांनी चित्रावर चिमूटभर हळद-कुंकू वाहिलं, आणि रांगेतल्या पाच-सहा जणींनी मूठमूठभर! मी पदरानं झटकायला गेले तर आत्याबाईंनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. रंगच हाय त्योबी."

खालच्या तीन कवड्यांवर तो पिवळा आजही तसाच आहे. मी कुणालाच पुसू दिला नाही.

* * *

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी शिंदेकाकू आल्या, दत्ताभाऊजी अर्ध्या बेंबळीला जीपमध्ये घालून आले, हे दारात उभे राहून सगळ्यांना पेढे देत होते. ज्यांनी ज्यांनी पिशव्या आणून दिल्या ती सगळी माणसं तिथं होती. प्रत्येक जण आपला शिंपला शोधत होता. एवढी माणसं माझ्यासाठी इतकी वर्षं वाकून काहीबाही वेचत राहिली, हे मला त्या दिवशी एकत्र दिसलं. मी दोनदा मागच्या खोलीत जाऊन डोळे पुसून आले.

आत्याबाई आल्या त्या कोंडाबाईंना घेऊन. गॉगल गेला होता. मला वाटलं, सरळ आपल्या माळेपाशी जातील. त्या दारापासून सुरू झाल्या. पहिलं चित्र शंखाचं होतं, त्याला हात जोडले. मग शिंपल्यांना. मग भाऊजींच्या गोगलगाईंना. बाभळीच्या शेंगांना, खोप्याला, तेरच्या बांगड्यांना. एकही चित्र सोडलं नाही. सगळी खोली फिरून त्या शेवटी माळेसमोर येऊन थांबल्या.

कोंडाबाईंनी विचारलं, "माळंचं काय ठरलं गं मग? कोण घेणार हाय?"

"घेतली की सुनंनं."

कोंडाबाई माझ्या रिकाम्या गळ्याकडं बघायला लागल्या. "कवा?"

"लई वर्सं झाली," आत्याबाई म्हणाल्या. "मलाच आत्ता दिसलं."