धुक्यात वळलेला नांगर

गावात त्याला सगळे ओळंबा म्हणतात. गवंड्याच्या दोरीला लटकणाऱ्या वजनावरून हे नाव पडलं, कारण त्याच्या नांगराची रेघ बांधापासून बांधापर्यंत तशीच सरळ जाते. वय पन्नाशीच्या पुढे. निम्मे कान ट्रॅक्टरने नेले, त्यामुळे बोलतो मोठ्याने आणि ऐकतो सोयीनुसार. उभं आयुष्य त्याने गावची जमीन उलथीपालथी केली. नांगरामागे बगळे चालत येतात, उघडे पडलेले किडे टिपतात. ते बगळेही आपलेच, असं तो धरून चालतो.

थोरला भाऊ गेल्यापासून शेजारचं रान वहिनी बघते. एका वर्षी मक्याची काढणी झाली आणि तिने चारचौघांत सांगून टाकलं, “भाऊजी, यापुढे माझ्या रानात नांगर नको. धाटं तिथेच पडू देत, मुळं तिथेच कुजू देत. मी भोकं पाडून बी टोकणार.”

“आणि मी काय करू? बांधावर बसून गाणी म्हणू?”

“म्हणा की. फक्त लांबच्या बांधावर.”

सगळे हसले. तो हसला नाही. नांगराशिवाय हिला पीक आलं, तर आपल्याला जे एकच काम येतं त्याची गरज कोणाला उरणार? हे तो कुणाशी बोलला नाही. तिच्या पाचोळ्याने झाकलेल्या रानाला मात्र तो अंथरूण म्हणू लागला.

“उठलं का वहिनी, तुमचं अंथरूण?”

“झोपू द्या. तुमच्या हाताखाली दमलंय ते.”

पीक आलं. पुढच्या वर्षीही आलं. ओळंब्याने तिकडे बघायचं सोडून दिलं.

यंदा काढणीनंतर एका सकाळी तो स्वतःचं रान नांगरत होता. धुकं इतकं दाट होतं की ट्रॅक्टरचं नाकही दिसेना. इंजिन एका सुरात घरघरत होतं. डोळे उघडे होते, पण तो कुठेतरी तरंगत होता. भाऊ होता तेव्हा दोन्ही रानं एकाच दमात व्हायची. इकडचा कोपरा आला की बांधाच्या फटीतून तिकडे वळायचं. धुक्यात त्याला भाऊ पुढे चालताना दिसला, पाठमोरा, हाताने ये ये करत. कोपरा आला. हात वळले.

तो भानावर आला आवाजाने. कण्हणारं इंजिन एकदम हलकं झालं होतं. फाळ जणू मातीत नव्हे, धुक्यातच चालला होता. त्याने ट्रॅक्टर थांबवला, उतरला आणि फाळाखालची मूठभर माती उचलली. काळी, ओलसर, जुन्या मुळांच्या बारीक नळ्यांनी भरलेली. एक गांडूळ त्याच्या बोटावरून संथपणे मागे मातीत शिरलं. मूठ दाबली तर गोळा झाला, अंगठा लावला तर भुरभुरला. त्याच्या रानातली ढेकळं टाचेनेही फुटत नव्हती.

आवाज ऐकून वहिनी आली. तिने आधी रेघ पाहिली, मग त्याला.

“जन्मात एकदा वाट चुकलात, तीही नेमकी माझ्या रानात.”

“हात वळले, वहिनी.”

“पाय वळले असते तर चहा दिला असता.”

तो गुडघ्यांवर बसला आणि उलटलेली माती तळव्यांनी जागेवर सारू लागला. मग रेघेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तीही बसली. दोघं मधे भेटली, तेव्हा धुकं कमरेपर्यंत उतरलं होतं. वर पाचोळा पसरून झाल्यावर त्याने नांगर उचलला आणि ट्रॅक्टर मागे घेत आपल्या रानात आणला. त्याचं अर्धं रान अजून नांगरायचं होतं. तिथे त्याने इंजिन बंद केलं.

“आणि तुमचं उरलेलं?” तिने हाक मारून विचारलं.

हे त्याला नीट ऐकू आलं.

“झोपू द्या त्याला,” तो म्हणाला.

बगळे उभ्या ट्रॅक्टरमागे जरा वेळ थांबले. मग एकेक करून बांध ओलांडून वहिनीच्या रानात गेले.