शेवटची चार पानं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझं सगळंच ठाऊक आहे, असं ती म्हणते.

मिल बंद पडून बाबा घरी बसले, तेव्हा मल्हारगंजातल्या आमच्या दोन खोल्यांत दादा शिलाई मशीनवर शर्टांच्या कॉलरी शिवायचा. मी त्याला वाचून दाखवायचो. हात गुंतलेले, कान मोकळे. वाचनालयातून आणलेली मुलांची कादंबरी होती — दोन भाऊ मोठे होतात, लढाईवर जातात. विशी ओलांडलेला माझा भाऊ त्यात इतका का रमला? मशीन थांबवून म्हणायचा, "आगे बोल ना, मग काय झालं?"

त्याच दिवसांत बाबा म्हणाले, "महूला फौजेची भरती आहे. छोट्याला पाठवू. मोठ्याच्या मशीनवर घर चालतंय."

छोटा म्हणजे मी. मला जायचं नव्हतं.

शेवटचं प्रकरण मी आधीच चोरून वाचलं होतं. त्यात धाकटा एकटाच परततो. थोरल्याची नुसती ट्रंक येते. ती चार पानं मी फाडली, शेगडीत घातली, आणि दुसऱ्या दुपारी पुस्तक उघडून, छापलेलंच असल्यासारखं वाचलं — दोघं परतले, सगळं गाव वेशीपर्यंत आलं, आईनं ओवाळलं. इतकं सफाईदार खोटं मला सुचलं कुठून? अजून नवल वाटतं.

दादानं चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं. मग म्हणाला, "छोटे, मशीन तू शिकून घे. फौजेत मी जातो."

मी नको म्हणालो नाही. आठवड्यात कॉलर शिवायला शिकलो. जाण्याआधी पुस्तक परत करायला दादाच गेला.

तो परतला — बऱ्याच वर्षांनी, डाव्या पायानं लंगडत. आता नातीला तीच गोष्ट सांगतो, माझ्या शेवटासकट. परवा तिनं विचारलं, पुस्तकात खरंच असं आहे का? दादा हसला. "छोट्या आजोबांना विचार. त्यांनी वाचलंय."

त्याला ठाऊक होतं? पुस्तक परत करताना त्याला मागची फाडलेली पानं लक्षात आली असतील? आणि तरीही गेला?

नात माझ्याकडे बघत होती. दादाही.

"हो," मी म्हणालो, "दोघं परत येतात."