हमीदभाईंचा सहाचा फोन

ऑगस्टच्या सुरुवातीला एका सकाळी सहा वाजता फोन वाजला आणि अर्धवट झोपेत माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की काल आपण टर्की कुठे खाल्ली? हसू येईल, पण त्यामागे दहा वर्षांची सवय होती. इथे आखातात, मुहर्रकच्या जुन्या गल्लीत राहणारे आमचे मित्र हमीदभाई दर डिसेंबरच्या सुट्टीत घरी टर्की भाजायचे, आम्हा नवरा-बायकोला जेवायला बोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी बरोबर सहाला फोन करून विचारायचे, "सुर्वेभाऊ, पोट बरं हाय ना?" सहाला येणारा वर्षातला तेवढाच एक फोन. त्या दिवशी मात्र पलीकडे त्यांची मुलगी सना होती. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं तिच्या लहानपणापासून चालत आलेलं. "काका, पप्पा इज नो मोर," एवढंच ती बोलली. पहाटेची फजरची नमाज पढून पुन्हा जरा आडवा झालेला माणूस उठलाच नाही. त्याच दिवशी, उन्हं कलल्यावर, आम्ही त्यांना मुहर्रकच्याच मातीत ठेवून आलो.

हमीदभाई दापोलीकडचे, मी संगमेश्वरकडचा. गावाकडे आमची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं. इथे पडली ती त्यांच्या घरचा एसी बिघडला म्हणून. मी एसी आणि फ्रिज दुरुस्त करतो, राहतो जवळच्या अरादला. ते विमानांत जाणारं जेवण जिथे तयार होतं अशा एका मोठ्या किचनमध्ये होते. भांडी उचलण्यापासून सुरुवात करून पुढे ते तिथे तापमान तपासणारे झाले. हातात सुईचा थर्मामीटर, खिशात पेन, प्रत्येक ट्रेमध्ये सुई खुपसायची आणि आकडा लिहायचा. "तुम्ही थंड करता, मी गरम बघतो," ते मला म्हणायचे, "मधलं कोमट जे असतं ना, तो आपला दोघांचा दुश्मन."

डिसेंबरात त्यांच्या किचनमध्ये टर्की शिजायची, पण विमानात जायची ती चकत्या होऊन. अख्खा पक्षी टेबलावर कसा दिसतो ते एकदा बघायची त्यांना भारी हौस. इथल्या दुकानात टर्कीला अरबीत दीक रूमी म्हणतात, म्हणजे रोमचा कोंबडा. इंग्रजांनी तिला नाव दिलं तुर्कस्तानचं, आणि गोठून येते ती ब्राझीलहून. "ह्याचा गाव नक्की कुठचा ते कोणालाच ठाऊक नाय. आपल्यासारखाच हाय," असं म्हणत त्यांनी पहिली टर्की घरी आणली. तेव्हा ते अजून भांडीच उचलत होते आणि आम्हा सगळ्यांचं ज्ञान सारखंच होतं. सकाळी फ्रीजरमधून काढली, दुपारी ओव्हनमध्ये घातली. वरून सोनेरी झाली, आत बर्फ. पोटात हात घातला तर कागदाच्या पिशवीत बांधलेली तिचीच कलेजी निघाली, तीही गोठलेली. त्यांच्या पत्नी जमीलाभाभींनी सुरी घेतली, तुकडे केले आणि वाटप लावून झकास रस्सा केला. वड्यांबरोबर आम्ही तो बोटं चाटून खाल्ला. पुढच्या वर्षी मी सरळ रश्शाचीच फर्माईश केली, तेव्हा हमीदभाई दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

मग भाभींच्या किडन्या गेल्या. दोन वर्षं डायलिसिस झालं आणि शेवटी त्यांच्या भावाने आपली एक किडनी दिली. ती टिकावी म्हणून ज्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्यांनी अंगातली प्रतिकारशक्ती दबते. ज्या खाण्याने तुम्हाआम्हाला एक दिवस पोट धरून बसावं लागेल, त्याने ह्यांचा जीव जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्या डिसेंबरात हमीदभाईंनी टर्कीचं नावही काढलं नाही. काढलं ते भाभींनी. "मी घरात हाय म्हणून सगळ्यांनी पेज प्यायची काय? हजार माणसांचं जेवण तपासता, एका बायकोचं तपासता येत नाय?"

हमीदभाईंनी कामावरचा सगळा कायदाच घरी आणला. टर्की तीन दिवस फ्रिजच्या तळच्या कप्प्यात, खोल ट्रेमध्ये ठेवायची म्हणजे बर्फ सावकाश सुटतो. त्याआधी मी जाऊन फ्रिज चार अंशांवर आहे ना ते बघायचं. कप्पा मोकळा व्हावा म्हणून त्यांची मासळी, खोबरं, कोकमाच्या आगळाची बाटली आमच्या फ्रिजमध्ये मुक्कामाला यायची. कच्च्याची सुरी वेगळी, कापायचा पाट वेगळा. मांडीच्या जाड भागात, हाडाला लागणार नाही अशी सुई खुपसायची आणि आकडा चौऱ्याहत्तर झाल्याशिवाय ओव्हन बंद करायचा नाही. तो झाला की ते म्हणायचे, "खलास." इथल्या अरबीत, झालं, काम संपलं. मग रस आत मुरावा म्हणून अर्धा तास टर्कीला हात लावायचा नाही. एवढ्या गडबडीतही ते आधी मराठी दिनदर्शिका बघायचे, कारण माझी बायको सुनंदा मार्गशीर्षातले गुरुवार धरते. इथल्या राष्ट्रीय दिनाच्या दोन सुट्ट्यांत गुरुवार आलाच, तर जेवण दुसऱ्या दिवशी.

आणि नेमकं त्याच वर्षी सुनंदाच्या हातून ते झालं. ती सकाळपासून मदतीला गेली होती. हमीदभाई दुपारच्या नमाजला बाहेर पडले, भाभी आत पडल्या होत्या, ट्रेमध्ये टर्की होती. आमच्याकडे न धुतलेली कोंबडी चुलीवर चढत नाही, आणि इथे तर घरात आजारी माणूस. सुनंदाने सिंकमध्ये नळ मोठा सोडला आणि मीठ-हळद चोळून टर्की आतून-बाहेरून तीन पाण्यांनी धुतली. शेजारीच काकडीची कोशिंबीर उघडी होती. मी पोचलो आणि माझ्यामागोमाग हमीदभाई आले. ओला ओटा बघून त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं, आता हे ओरडतात. पण त्यांनी बाह्या सारल्या, कोशिंबीर कचऱ्यात टाकली आणि ओटा, सिंक, नळाची चावी, खालची फरशी, सगळं आधी गरम साबणाच्या पाण्याने आणि मग ब्लीचने तासभर घासलं. मग म्हणाले, "वहिनी, कच्च्या कोंबडीवरचे जंतू पाण्याने मरत नायत, उडतात. ओट्यावर उडतात, कोशिंबिरीत उडतात. त्यांना मारते ती आग. तुम्ही तिला जपायलाच धुतलीत, ते मला कळतं."

सुनंदाला मात्र ते फार लागलं. टर्की उत्तम झाली होती, पण तिने आपला वाटा माझ्या पानात सरकवला. घरी येताना गाडीत म्हणाली, "भाभींना काही झालं तर मी हमीदभाईंना कुठलं तोंड दाखवू?" दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजला तेव्हा ती माझ्या आधी धावली. "वहिनी, पोट बरं हाय ना?" हमीदभाईंचा आवाज मला पलंगावर ऐकू येत होता. "आमच्या हिचं एकदम बरं हाय. चाय पितेय बसून." काही जंतू उशिराने डोकं वर काढतात म्हणून त्या वर्षी हा फोन लागोपाठ तीन दिवस आला. सुनंदा तिसऱ्या दिवशी नीट जेवली. पुढच्या डिसेंबरात हमीदभाईंनी थर्मामीटर तिच्याच हातात दिला. "आकडा तुम्ही वाचायचा, आणि खलास पण तुम्हीच बोलायचं." तेव्हापासून ते तिचं काम. एकदा भुकेपोटी मी बहात्तरलाच "चालेल की" म्हणालो, तर तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी गुपचूप बाहेर जाऊन बसलो.

हमीदभाई गेल्यावर भाभी इद्दतीत बसल्या. चार महिने दहा दिवस घरातच राहायचं. मी परका पुरुष, त्यामुळे दर शुक्रवारी सुनंदाच आत जायची आणि मी जिन्यातून हाक मारून काही आणायचं का विचारायचो. मला त्यांची इतकी आठवण यायची, की कुणाच्या फ्रिजमध्ये चार अंश दिसले तरी हात थांबायचा. डिसेंबर लागला आणि एक दिवस सुनंदा आमच्या फ्रिजचा एक कप्पा रिकामा करताना दिसली. कशाला, विचारलं तर म्हणाली, "सवय." इद्दत संपली आणि चौथ्या दिवशी भाभींचा फोन आला, "सुर्वेभाऊ, फ्रिज बघायला कधी येताय?"

टर्की सनाने आणली. ओव्हनसमोर खुर्ची टाकून भाभी बसल्या. सुनंदाने सुई खुपसली. एकाहत्तर... त्र्याहत्तर... चौऱ्याहत्तर. सुनंदा बोलेना. खलास ह्या शब्दाचा आपल्या मराठीत दुसराही अर्थ आहे, आणि ऑगस्टपासून आमच्या घरात तो शब्द कोणी उच्चारला नव्हता. ओव्हनचं दार उघडं, गरम वाफ तोंडावर येत होती आणि ती तशीच उभी. "बोल ना गो," भाभी म्हणाल्या, "त्यांनी तुला दिलेलं काम हाय." मग सुनंदा हळूच म्हणाली, "खलास." त्यावर सना पटकन बोलून गेली, "आता अर्धा तास कोणी हात लावायचा नाय." बापाचं वाक्य, बापाच्याच बोलीत. तिचं तिलाच नवल वाटलं असावं. अर्धा तास आम्ही थांबलो आणि मग खरं सांगायचं तर पोटभर जेवलो, पहिल्या टर्कीच्या पोटातली ती कागदी पिशवी आठवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. उरलेलं दोन तासांच्या आत डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी साडेपाचलाच जागा झालो. फोन येणार नाही हे माहीत होतं, तरी तो उशाशी घेऊन पडलो होतो. सहाला वाजला.

"सुर्वेभाऊ," जमीलाभाभी विचारत होत्या, "पोट बरं हाय ना?"

"एकदम बरं आहे," मी म्हणालो आणि सुनंदाला उठवून फोन तिच्या हातात दिला.